ग्रामपंचायतीचा 28 इंचांचा ओटा

पांझरा नदीला पूर आला की आमच्या गावाच्या खालच्या आळीत पाणी शिरते, म्हणून ग्रामपंचायतीची इमारत बांधताना जुन्या माणसांनी ओटा चांगला उंच घेतला. जमिनीपासून व्हरांड्यापर्यंत 7 इंचांच्या चार पायऱ्या आहेत, म्हणजे 28 इंच. पुरापासून दप्तर वाचवणारी ही उंची माझ्यासारख्या माणसाला मात्र कार्यालयाबाहेर ठेवते, ही गोष्ट 2022 पर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे डावा पाय गेलेला असला तरी कॅलिपर आणि कुबडीच्या आधारे मी त्या पायऱ्या चढत असे. त्या वर्षी पावसाळ्यात घसरून उजव्या खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीवर आहे.

त्या चार पायऱ्यांच्या जोडीला रॅम्प होण्यासाठी जवळजवळ दोन वर्षे लागली. गावाचे आणि तालुक्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. या प्रवासात भेटलेली बहुतेक माणसे वाईट नव्हती, आणि जे अडले ते त्यांच्या दुष्टपणामुळे अडले असे मला वाटत नाही.

सुरुवात 12 जून 2023 रोजी झाली. मला रहिवासी दाखला हवा होता. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, रिक्षा ग्रामपंचायतीच्या फाटकाशी उभी केली आणि तो वर गेला. थोड्या वेळाने ग्रामसेवक भाऊसाहेब स्वतः शिक्का आणि पॅड घेऊन खाली आले. (2024 मध्ये या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणते.) त्यांनी रिक्षाच्या टपाला कागद लावून सही केली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही येऊ की खाली." त्यांचा हेतू चांगला होता. तरीही घरी परतताना मला कसेतरीच झाले. ज्या कार्यालयात माझी घरपट्टी जमा होते, तिथे मला कोणीतरी खाली येण्याची वाट पाहत रस्त्यावर थांबावे लागते, हे दोन-तीन दिवस मनातून जाईना.

गावातील एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले की ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते, 2018 मध्ये ते 5 टक्के झाले. परंतु त्यासाठी गावच्या दिव्यांग नोंदवहीत नाव हवे, आणि नोंदीसाठी भाऊसाहेबांना वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात ते, हवे होते. माझ्याकडे 2006 चा 58 टक्क्यांचा कागदी दाखला होता, त्याच्या घड्या फाटलेल्या होत्या.

3 जुलै 2023 रोजी तालुक्याच्या सेवा केंद्रातून स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. अर्जाला सरकारी शुल्क नाही. केंद्रचालकाने स्कॅनिंग आणि छपाईचे 80 रुपये घेतले. येथे माझ्याकडून एक चूक झाली. आधारवर माझे नाव सासरचे आहे आणि जुन्या दाखल्यावर माहेरचे, त्यामुळे अर्ज परत आला. राजपत्राची प्रत जोडून तो पुन्हा भरण्यात तीन आठवडे गेले. अर्ज भरण्यापूर्वी सगळ्या कागदांवरील नावाचे अक्षर न् अक्षर जुळते का ते घरी बसून पाहावे.

तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात दोनदा जावे लागले. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, पण तिचा लाभ बसच्या पायऱ्या चढता आल्या तर. आम्ही दोन्ही वेळा गाडी ठरवून गेलो आणि प्रत्येक खेपेला 1,400 रुपये लागले. पहिल्या खेपेला अस्थिरोग तज्ज्ञ शिबिरासाठी बाहेर गेले होते. म्हणून दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी फोन करून ते असल्याची खात्री करूनच निघालो. डॉक्टरांनी दोन पावले टाकायला सांगितली. दिव्यांगत्व सिद्ध करण्यासाठी चारचौघांसमोर पडून दाखवावे लागते, असे त्या क्षणी वाटले, आणि ही भावना मी अजून विसरलेले नाही. नव्या दाखल्यावर 70 टक्के आले. कार्ड टपालाने 17 नोव्हेंबरला हाती पडले, परंतु त्याच्या महिनाभर आधीच ते पोर्टलवरून उतरवून घेता येत होते, हे मला नंतर कळले.

कार्ड येण्याची वाट न पाहता मी 2 ऑक्टोबर 2023 च्या ग्रामसभेसाठी अर्ज दिला होता. ग्रामसभेत ऐनवेळी उठून बोललेले इतिवृत्तात येईलच असे नाही, म्हणून आठवडाभर आधी लेखी अर्ज दिला, विषय पत्रिकेवर घेण्याची विनंती केली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. दादाला हे जास्तीचे वाटत होते. पुढे प्रत्येक वेळी आमच्या कामी आली ती हीच पोच.

ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरते, त्यामुळे तिथे मला जाता आले. निधीचा हिशेब विचारल्यावर "पुढच्या सभेत सांगू" असे उत्तर मिळाले. मग नोव्हेंबरमध्ये मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि मागील तीन वर्षांचे स्वउत्पन्न, त्याचे 5 टक्के आणि त्यातून झालेला खर्च, एवढेच तीन मुद्दे विचारले. 28 व्या दिवशी उत्तर आले, 11 पानांचे 22 रुपये भरून. वर्षाला साधारण 16,000 रुपये दिव्यांग निधीचे होते. तीन वर्षांत त्यातून 9,400 रुपये खर्च झाले होते आणि खर्चाचा तपशील होता, "दिव्यांग बांधवांना कार्यालयात बसण्यासाठी प्लास्टिक खुर्च्या, नग 12". त्या खुर्च्या ओट्यावर, व्हरांड्यात होत्या. मी हसले, आणि मग फार वेळ हसू शकले नाही.

शिल्लक आणि चालू वर्षाचे मिळून सुमारे 52,600 रुपये होते. ही रक्कम 26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत चर्चेला आली, आणि तेव्हा मला पहिला विरोध झाला तो माझ्याच नोंदवहीतील माणसांकडून. नव्या सर्वेक्षणात गावात 37 दिव्यांग निघाले होते. पूर्वी यादी 23 जणांची होती; 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत आणि त्यात सिकलसेलही आहे, हे यादी करणाऱ्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे भिल्ल वस्तीतील काही मुले सुटली होती. या सगळ्यांना निधी रोख हवा होता. दोन्ही डोळ्यांनी न दिसणारे एक तात्या उभे राहून सरळ म्हणाले, "तुना रॅम्प मना काय कामना?" (तुझा रॅम्प माझ्या काय कामाचा?)

मला उत्तर सुचले नाही. घरात तेल-मीठ नसलेल्या माणसाला सार्वजनिक इमारतीची सुगमता समजावून सांगणे सोपे नाही, आणि मला तसा अधिकार आहे असेही वाटले नाही. अखेर अर्धी रक्कम वैयक्तिक मदतीला आणि अर्धी रॅम्पला असे ठरले. प्रत्येकाच्या वाट्याला 700 रुपये आले. ठरावात लिहिले गेले, "ग्रामपंचायत कार्यालयास रॅम्प बांधणे". मी टाळ्या वाजवल्या. ते चार शब्द किती अपुरे आहेत हे कळायला दीड महिना जायचा होता.

मार्चअखेर जवळ आली की सगळीकडे होते तसे झाले. दोन दिवसांत रॅम्प उभा राहिला, त्यावर फलक लागला, फोटो निघाले, 26,000 रुपयांचे देयक निघाले. मी 14 मार्चला गेले. दादाने खुर्ची ढकलली, अर्ध्यावर पुढची चाके उचलली गेली आणि मी मागे कलंडता कलंडता वाचले. दोन मुलांनी धरून आम्हाला उलटे खाली आणले. तो रॅम्प खरे तर मोटारसायकल व्हरांड्यात चढवण्यासाठी उत्तम होता आणि पुढचे वर्षभर त्याचा तोच उपयोग झाला.

मी गेली अठरा वर्षे घरी शिवणकाम करते. एखादे पोलके अंगाला का बसत नाही हे पाहायचे तर आधी टेप काढायचा, ही माझी सवय. दुसऱ्या दिवशी तोच टेप घेऊन गेले. उंची 28 इंच, लांबी 9 फूट. म्हणजे प्रत्येक फूट चढण्यासाठी चार फूटही लांबी नव्हती. केंद्र सरकारच्या सुगमतेच्या मार्गदर्शक मानकांमध्ये रॅम्पचा उतार 12 ला 1 दिलेला आहे आणि रुंदी किमान 1200 मिलिमीटर, म्हणजे चार फूट. हिशेब तोंडी करता येतो: ओटा जितके इंच उंच, तितके फूट रॅम्प लांब. आम्हाला 28 फूट हवे होते. माझ्याकडे एखादी बाई कापड घेऊन येते आणि "झंपर शिवून द्या" एवढेच म्हणते, तेव्हा मी तिचे माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. आणि येथे मीच माप न सांगता झंपर टाकून आले होते.

16 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, ती जूनपर्यंत. मधल्या काळात काहीच होणार नव्हते. मे महिन्यात मतदानाला गेले तेव्हा शाळेच्या मतदान केंद्रावर लाकडी फळ्यांचा तात्पुरता रॅम्प होता, तो लांब आणि सोपा होता, आणि मी मतदान केंद्रात विनासायास गेले. त्या वेळी किमान 40 टक्के दिव्यांगत्व असणाऱ्यांना घरून मतदानाचीही सोय होती. ती चांगलीच आहे, पण मला रांगेत उभ्या असलेल्या बायकांशी बोलायचे होते.

जूनच्या शेवटी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला. अर्जात तक्रारीचे शब्द कमी ठेवले आणि मापे जास्त. फोटो जोडला, टेप धरून काढलेला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 45 प्रमाणे अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या, नियम 2017 चे आहेत, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली, एवढे एक वाक्य कायद्याचे घातले. उत्तर आले नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवायचा अर्जही लिहून ठेवला होता, पण त्याची गरज पडली नाही. अर्ज द्यायला गेलो तेव्हा बांधकाम विभाग पहिल्या मजल्यावर आणि इमारतीत लिफ्ट नाही, असे दिसले. कनिष्ठ अभियंता खाली उतरले आणि निंबाखाली उभे राहून त्यांनी अर्ज वाचला. वाचताना त्यांनी वर, आपल्या कार्यालयाकडे एकदा पाहिले, बोलले काही नाही.

9 ऑगस्ट 2024 रोजी ते गावात आले. पहिले उत्तर अपेक्षितच होते, "ताई, 28 फुटांना जागा कुठे आहे?" फाटकापासून इमारतीपर्यंत 22 फूट अंतर आहे आणि भिंतीलगत सरळ जावे तर ध्वजस्तंभाचा ओटा आडवा येतो. मी रात्री कापडाचे नमुने कापायच्या खाकी कागदावर अंगण काढून नेले होते. फाटकातून आत 5 फूट सपाट जागा, मग 12 फूट चढ, त्यानंतर 5 फूट बाय 5 फूट सपाट टप्पा, तिथे काटकोनात वळण आणि पुढे भिंतीलगत 16 फूट चढ. 12 आणि 16 मिळून 28. ध्वजस्तंभाला हात लावायचा नाही. साहेबांनी कागद दोनदा फिरवून पाहिला, स्वतःचा टेप लावला आणि वळणावरचा टप्पा किंचित मोठा केला. नंतर त्यांनी जो सल्ला दिला तोच या सगळ्यातील सर्वांत मोलाचा होता: "नुसते 'रॅम्प बांधणे' लिहू नका. ही सगळी मापे ठरावातच घाला. ठरावात आली की अंदाजपत्रकात येतात, अंदाजपत्रकात आली की मोजमाप पुस्तिकेत येतात, आणि मोजमाप जुळले नाही तर मला देयकावर सही करता येत नाही."

2 ऑक्टोबर 2024 च्या ग्रामसभेत ठराव झाला तो सात ओळींचा. त्यात उंची, दोन्ही चढांची लांबी, टप्प्याचे माप, रुंदी, दोन्ही बाजूंना दुहेरी कडीचा कठडा (वरची कडी उभ्या माणसासाठी, खालची खुर्चीतल्या माणसासाठी), चाक घसरू नये म्हणून कडेला 4 इंचांचा बांध आणि खरखरीत पृष्ठभाग, हे सगळे आहे. सरपंचबाईंनी तो स्वतः वाचून दाखवला. एरवी त्यांच्या वतीने त्यांचे यजमान वाचतात. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मी त्याच आठवड्यात घेतली.

लगेच विधानसभेची आचारसंहिता लागली. त्या थांबलेल्या दिवसांत, 8 नोव्हेंबर 2024 रोजी, सुगमतेसाठी याचिका करणाऱ्या राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सुगमतेची मानके नियमांत केवळ शिफारशीसारखी ठेवणे कायद्याला धरून नाही, ती बंधनकारक हवीत, आणि केंद्राने तीन महिन्यांत तसे नियम करावेत, असे त्यात म्हटले आहे. वर्तमानपत्रातील कात्रण मी डिसेंबरमधील स्मरणपत्राला जोडले. त्याचा कितपत परिणाम झाला ते सांगता येणार नाही, परंतु त्यानंतर "एवढी मापे कशाला" असे मला कोणी म्हणाले नाही.

अंदाजपत्रक 1,12,000 रुपयांचे झाले. जुना रॅम्प फोडण्याचा खर्चही त्यातच. त्या वर्षीच्या दिव्यांग निधीतून जेमतेम 8,500 रुपये मिळू शकत होते. लहान गावाच्या स्वउत्पन्नाचे 5 टक्के म्हणजे किती, हे आधी काढून पाहिले असते तर मी दीड वर्ष त्या एकाच निधीच्या मागे लागले नसते. उरलेली रक्कम 15 व्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून घेण्यात आली आणि त्यासाठी काम 2025-26 च्या गाव विकास आराखड्यात बसवावे लागले. आराखडा हिवाळ्यात तयार होतो. त्या वेळी आपले काम त्यात गेले नाही तर एक वर्ष हातचे जाते. तांत्रिक मान्यता फेब्रुवारीत आणि कार्यारंभ आदेश 21 एप्रिल 2025 रोजी निघाला.

28 एप्रिलला काम सुरू झाले. मी रोज सकाळी शिवणाची पिशवी घेऊन निंबाखाली बसत असे, काजे-बटणे करत. मिस्तरी चांगला होता, पण पाण्याच्या नळीने पातळी घेताना मी त्याला पुन्हा पुन्हा मोजायला लावते म्हणून सुरुवातीला वैतागला. खरा प्रसंग आला तो पहिला चढ ओतल्यावर. त्याने थापीने घोटून काँक्रीट आरशासारखे गुळगुळीत केले. त्याच्या कारागिरीत तेच उत्तम काम. पावसात त्यावर चाक घसरेल हे सांगायला मला जिवावर आले, कारण माझ्या हातची तुरपाई कोणी उसवली तर मला कसे वाटते ते मी जाणते. पण सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला, मग ओल्या काँक्रीटवर त्याने खराट्याने आडव्या रेघा ओढल्या आणि म्हणाला, "शेतातला तास दिसतो आता."

मे महिन्यात आमच्याकडे पारा 43-44 अंशांवर जातो आणि नळाला चार दिवसांआड पाणी येते. काँक्रीटला तराई न मिळाल्यास ते तडकते. गोणपाटे ओली करून अंथरायची आणि दिवसातून चार वेळा पाणी मारायचे, हे काम दादाने आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाने वाटून घेतले. 500 रुपयांचा एक टँकर आम्ही पदरचा घातला. पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग द्यावा, कमी दिसणाऱ्यांना कड कळते, ही सूचना अभियंत्यांची.

कठडे धुळ्याहून करून आणले. ते बसले त्या संध्याकाळी तात्या नातवाचा हात धरून आले. त्यांनी खालपासून वरपर्यंत कडीवर हात फिरवत एक फेरी मारली, वळणावर थांबले, पुन्हा चालले. खाली आल्यावर एवढेच म्हणाले, "हाऊ कठडा बरा शे." 700 रुपयांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

6 जून 2025 रोजी मी पहिल्यांदा एकटी वर गेले. दादाला फाटकाशी थांबवले. पहिल्या 12 फुटांना दम लागला, सपाट टप्प्यावर थोडी थांबले, पुढचे 16 फूट सावकाश चढले. वर पोहोचले तर कार्यालयाला कुलूप होते. भाऊसाहेब तालुक्याला बैठकीला गेले होते. त्या 12 प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवलेल्या होत्या. मी तासभर व्हरांड्यात बसले. शिपाई आल्यावर टेबलासमोर जाऊन 600 रुपये पाणीपट्टी भरली आणि पावती घेतली.

निघताना स्वच्छतागृहाच्या दाराला टेप लावला. दार 24 इंच आहे आणि माझी खुर्ची साडेपंचवीस. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठीचा अर्ज मापांसह दिला आहे, पोच फाईलला लावली आहे.